मोरचूद, तीन किलो

त्या वर्षी दुकानात मोरचूद आलंच नाही.
काडेपेट्याही नव्हत्या. मीठ चमच्याने मोजून मिळे.
आणि मे महिन्यात, अलाझानीच्या खोऱ्यात,
द्राक्षाच्या पानांवर उमटले तेलकट पिवळे डाग:
केवडा.

ज्वेबे काका शाळेत आला, टोपी हातात धरून.
म्हणाला, "बाई, तुम्ही रसायन शिकवता ना?
मग करा."

मझेविनार बाई हसल्या नाहीत.
खडू अर्धाच उरला होता, म्हणून बारीक लिहिलं:
तांबं साडेत्रेसष्ट.
गंधक बत्तीस.
ऑक्सिजन चार वेळा सोळा.
शेवटी पाणी, पाच रेणू, अठरा पंचे नव्वद.
बेरीज दोनशे साडेएकोणपन्नास.
"बघितलंत? या निळ्या खड्यात
तांब्यापेक्षा पाणीच जास्त.
तापवलं की पाणी जातं, निळेपणही जातं,
उरते पांढरी राख.
तांबं मात्र तिथेच असतं, न दिसणारं."

मग साधं त्रैराशिक.
दोनशे साडेएकोणपन्नासात साडेत्रेसष्ट,
तर तीन हजारात किती?
फळ्याकडे बघत ओठ हलवणारा ज्वेबे काका
माझ्याआधी बोलला: "सातशे चौसष्टच्या आसपास."
तो आयुष्यभर पिंपांतली वाइन मोजत आला होता.

तांबं आम्ही आणलं,
सामूहिक शेतीच्या बंद मोटारीतून उलगडून.
दोन हिवाळे त्या वेटोळ्यांतून काहीच वाहिलं नव्हतं;
याला चोरी म्हणायचं की नाही, ठरेना.
बाईंनी कुठून आणलंत ते विचारलं नाही.
तराजू मागवला.
सातशे एकवीस.

त्रेचाळीस ग्रॅम कमी.

कुणी म्हणालं, चालेल, थोडं कमीच होईल.
बाई काही न बोलता घरी गेल्या.
त्यांच्या दाराला विजेची घंटा होती,
मुलानं बसवलेली, रशियाला कामाला जाण्याआधी.
(तो बटण दोनदा दाबायचा, मग उगाच तिसऱ्यांदा.
सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.)
वीज नव्हती, त्यामुळे घंटा तशीही मुकीच.
झाकण उघडून त्यांनी गुंडाळी काढली,
पदराच्या टोकाला नव्हे, वर्तमानपत्रात बांधून आणली,
पारड्यात ठेवली
आणि काटा स्थिरावेपर्यंत खिडकीकडे बघत राहिल्या.
चव्वेचाळीस.
एक ग्रॅम वर.

तीन संध्याकाळी भट्टी चालली.
लाल तार काळी व्हायची, खवले सुटायचे,
झटकायचे, पुन्हा विस्तवात.
ट्रकच्या बॅटऱ्यांतलं गंधकाम्ल,
लोणच्याची चिनी बरणी,
आणि बाईंचा एकच शब्द: "लांब."
काळी पूड विरघळली. पाणी हिरवट झालं, मग निळं,
मग आठवडाभर ते हलवायलाही बंदी.

खडे झाले.
मी वजन केलं: दोन किलो आठशे.
दोनशे ग्रॅम गेले कुठे?
गाळायच्या फडक्यात, बरणीच्या बुडाशी,
तळाशी उरलेल्या न विरघळलेल्या तारेत,
माझ्या अंगठ्याच्या नखात, जे महिनाभर निळं होतं.
"कागदावर काही सांडत नाही,"
बाई म्हणाल्या, "एवढाच कागदाचा दोष."

चुना मिसळून फवारलं.
पानं निळसर ठिपक्यांची झाली,
सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त वाचली.
बाईंनी वहीत मात्र तो निम्मा आकडा लिहिला नाही;
लिहिलं: सातशे पासष्ट ग्रॅम, तांबं,
आणि खाली, बारीक अक्षरात, कुठून कुठून आलं ते.

ऑक्टोबरात एका रात्री तासभर वीज आली.
मी द्राक्षांची बादली घेऊन बाईंच्या दाराशी होतो.
सवयीनं बटण दाबलं.
आवाज आला नाही. मग आठवलं.
दार ठोठावणार, तेवढ्यात ते उघडलं;
बाई आतून आधीच दाराकडे निघाल्या होत्या,
दिवा लागला म्हणून.